उजवा मागचा कोपरा

घंटा वाजली तेव्हा दादा शब्दकोडं सोडवत होता. म्हणजे खरं तर बहिणीने पेन्सिलीने सोडवून ठेवलेलं कोडं तो पेनाने गिरवत होता.

दारावर पाटी होती : ‘दादा आणि मंडळी, खाजगी तपास’. त्यातला दादा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. गोल, गोड आणि जरा सावकाश. मंडळी म्हणजे त्याची एकटी धाकटी बहीण. तिला सगळे टाचणी म्हणत, कारण तिच्या नजरेतून काही निसटत नसे आणि ती बोलली की टोचत असे. पाटी रंगवताना दादाच म्हणाला होता की पुरुषाचं नाव दिसलं की लोकांना जरा बरं वाटतं. टाचणीने त्याला रंगाचा डबा आणून दिला होता. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

आलेली बाई तिशीतली होती, एका जुन्या रेकॉर्ड कंपनीची मालकीण. तिने आपली सगळी कहाणी अर्थातच दादाकडे तोंड करून सांगितली, आणि दादाने भुवया उंचावून, हं हं करत ती ऐकली. टाचणी खिडकीपाशी उभी राहून नख कुरतडत होती.

पन्नास वर्षांपूर्वी मालकिणीच्या आजोबांनी तीन अल्बम क्वाड्राफोनिक काढले होते. स्टिरिओला दोन स्पीकर लागतात, याला चार. चार कोपऱ्यांत चार, आणि ऐकणारा मधोमध. व्हायोलिनं समोरून येतात, गाणारी पाठीमागून चालत गेल्यासारखी वाटते, अंगावर काटा येतो. पण घरात चार स्पीकर मांडायला जागा कुणाकडे असते? दोन-तीन वर्षांत तो प्रकार बारगळला. आता मात्र हौशी लोक त्या तबकड्यांसाठी जीव टाकायला लागले होते, म्हणून तिन्ही अल्बम पुन्हा निघणार होते.

जुन्या कव्हरवर सगळ्यांची नावं होती, अगदी फोटो काढणाऱ्याचंसुद्धा. फक्त ते चार कोपऱ्यांचं मिक्सिंग, म्हणजे कुठल्या कोपऱ्यातून काय आणि किती ऐकू यावं याची जुळणी, कुणी केलं, ते कुठेच नव्हतं. आणि आता दोन माणसं छातीवर हात ठेवून सांगत होती की ते मीच केलं.

“आज चार वाजता कव्हर छपाईला जातंय,” मालकीण म्हणाली. “एकदा छापलं की पुढची पन्नास वर्षं तेच खरं होऊन बसणार. खोटं नाव नको छापायला, आणि कोरी जागाही नको.”

टाचणीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्या मिक्सिंगमध्ये काही खोड आहे का, असं तिने विचारलं.

मालकीण चमकली. खोड होती. तिन्ही अल्बममध्ये उजवा मागचा कोपरा चिरका होता. बाकीचे तीन कोपरे लोण्यासारखे, आणि त्या एका कोपऱ्यातून झांज वाजली की कानात सुई जायची. आधी वाटलं टेप खराब झाली. पण प्रत्येक टेपच्या सुरुवातीला तपासणीसाठी एक शिट्टी भरलेली असते, ती चारही कोपऱ्यांत अगदी एकसारखी येत होती.

“म्हणजे टेप ठणठणीत आहे,” टाचणी म्हणाली. “मिक्सिंग करणाऱ्यानेच तो कोपरा मुद्दाम चढवलाय. तिन्ही वेळा.”

“मी हेच म्हणणार होतो,” दादा म्हणाला.

स्टुडिओ एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होता. मालकीण, टाचणी आणि दादा लिफ्टने वर गेले. लिफ्टचं दार उघडतंय तोच जिन्यावरून दोन म्हातारी माणसं धापा टाकत वर आली. पुढे पांढऱ्या केसांची, काडीसारखी बारीक बाई, आणि मागे तिची पिशवी सांभाळत, गुडघ्यांवर हात टेकत एक उंच, रुबाबदार गृहस्थ. लिफ्ट चालू आहे की, असं दादा अगदी प्रेमाने म्हणाला. त्यावर गृहस्थ तुटकपणे म्हणाले की चालणं चांगलं असतं.

हे साहेब. कंपनीचे एके काळचे मुख्य रेकॉर्डिस्ट आणि पहिले दावेदार. ती बाई त्यांची थोरली बहीण. ती याच स्टुडिओत टेप कापायची आणि जोडायची, म्हणून तिचं नाव कातरताई. लग्न केलं नाही, जन्मभर भावाच्याच घरी राहिली, भावाची मुलं तिच्याच मांडीवर वाढली. आज तिला बोलावलं होतं ते जुन्या टेपा हाताळायला. त्या टेपा आता पापडासारख्या झाल्या होत्या, आणि त्यांना न मोडता हात लावू शकेल असं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

साहेबांशी बोलणं झालं मोठ्या हॉलमध्ये. दादा उजवीकडे बसला तर साहेबांनी त्याला उठवून डावीकडे बसवलं. उजव्या कानाने आता काही ऐकू येत नाही म्हणाले. मिक्सिंग इथेच केलं, ते सांगत होते, हे बघा, चारही कोपरे मोकळे, मधोमध माझी खुर्ची. भिंतीवर फोटोही होता : तरुण साहेब, मिक्सरचा बोर्ड, मागे दोन उंच स्पीकर. त्याच अल्बमांसाठी मिळालेली ढाल खाली कपाटात होती. मग कव्हरवर नाव का नाही घातलं, असं टाचणीने विचारलं. साहेब घसा खाकरून म्हणाले की तेव्हा नावाची एवढी हाव नव्हती.

“आणि आता आहे?”

साहेबांनी डावा कानही ऐकेनासा झाल्यासारखं केलं.

दुसरा दावेदार होता वायरवाला. स्टुडिओची प्रत्येक तार त्याने ओढलेली, आणि जिभेलाही तेवढाच करंट. तो त्यांना कॉरिडॉरच्या टोकाच्या छोट्या खोलीत घेऊन गेला. टेप कापायची खोली. चार ट्रॅकचं चालू यंत्र आता एवढं एकच उरलं होतं, आणि त्याला जोडलेला मिक्सरचा छोटा बोर्ड. आवाज अडवायला भिंतींना बूच आणि शिसं, खिडकी नाही, आणि आत उघडणारं जाडजूड, नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर लावलेलं दार. ते उघडलं की थेट उजव्या मागच्या कोपऱ्यात जाऊन टेकायचं. खाली एक लाकडी पाचर मारून ते तसंच उघडं ठेवलेलं होतं.

“पाचर काढू नका हं,” वायरवाला म्हणाला. “आतली मूठ दोन वर्षांपूर्वी गळून पडलीय. दार लागलं की आतून उघडत नाही.”

टाचणी खाली वाकून पाचरीकडे बघत बसली. फरशीला तिथे खाच पडली होती, अंगठा रुतेल एवढी खोल. मग तिने चार स्पीकर पाहिले. लोखंडी स्टँडवर, फरशीला बोल्टने आवळलेले. वायरवाल्याने अभिमानाने सांगितलं की पहिल्या दिवसापासून ते तसूभर हललेले नाहीत, आवळले कुणी?

आणि मिक्सिंग त्याने कसं केलं? चोरून. बोर्डाला फक्त रेकॉर्डिस्टने हात लावायचा असा मोठ्या मालकांचा, म्हणजे मालकिणीच्या आजोबांचा, कडक नियम. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, याच खोलीत, दाराला आतून कडी घालून. तिन्ही अल्बम कडी घालूनच, एकदाही चुकलो नाही, असं तो दोनदा म्हणाला. तेवढ्यात छापखान्याचा माणूस खाली आल्याचा निरोप आला आणि मालकीण तासाभरात येते सांगून गेली.

आता प्रत्यक्ष ऐकायचं ठरलं. साहेबही येऊन भिंतीशी उभे राहिले. कातरताईने टेप चढवली आणि लगेच उंबऱ्यात ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसली, अर्धी आत, अर्धी कॉरिडॉरमध्ये. दादाला मधल्या खुर्चीत बसवलं.

गाणं सुरू झालं आणि दादा विरघळला. त्याला कुणीतरी चारी बाजूंनी शाल गुंडाळल्यासारखं वाटलं.

“कुठे चिरतंय?” तो म्हणाला. “मला तर चारही कोपरे सारखे वाटतात.”

वायरवाला खो खो हसला. टेलिफोनवाल्याचे कान, खरखर नसली की ह्यांना सगळं गोडच. दादाचा चेहरा पडला. टाचणी मात्र हसली नाही. तिने दादाकडे असं पाहिलं की जणू त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एक कोडं सोडवलं होतं. दादाला वाटलं, आपल्या शर्टाला काही लागलंय.

मग तिने कातरताईला विचारलं. उत्तरं दोन-दोन शब्दांची. काम काय? कापणं, जोडणं. बोर्डाला कधी हात? छे. मोठ्या मालकांचा नियमच होता, बाईने बोर्डाला हात लावला की त्याच दिवशी घरी. वाईट नाही वाटलं? कातरताईने खांदे उडवले. एवढं बोलताना ती एकदाही भावाकडे पाहत नव्हती, आणि भाऊ फरशीकडे.

तेवढ्यात यंत्रातून फटफट आवाज आला. टेप तुटली होती. कातरताई स्टूल आत ओढत आली, टेबलाशी वाकली आणि ब्लेडने टेपेचं टोक तिरपं कापू लागली. तिची बोटं इतकी हलकी चालत होती की दादाने आदराने उठून एक पाऊल मागे घेतलं. पाय कशाला तरी लागला. ती पाचर. खाली वाकून त्याने ती उचलली. किती गुळगुळीत झाली होती, साबणाची वडीच.

“टाचणे, ही बघ कशी…”

त्याच्या पाठीमागे ते जड दार आपोआप लागलं. आवाजसुद्धा झाला नाही. उलट होता तो आवाज गेला. कॉरिडॉर, लिफ्टची घरघर, रस्ता, सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं.

वायरवाल्याने झेप घेतली. मुठीच्या जागी आतून फक्त एक चौकोनी भोक होतं. त्याची हत्यारांची पिशवी बाहेर कॉरिडॉरमध्ये. फोनवर रेंजची एकही काडी नाही. शिसं आहे ना भिंतीत, तो म्हणाला, आपणच बसवलंय. बाहेरून कुणी कान लावला तरी ऐकू येणार नाही. मालकीण यायला निदान पाऊण तास.

दादाने हातातल्या पाचरीकडे पाहिलं. एवढासा लाकडाचा तुकडा, आणि पाच माणसं डबीत पडली होती. त्याला आपलाच श्वास ऐकू यायला लागला, मग बाकीच्यांचाही. भिंती कुणीतरी एक-एक बोट पुढे सरकवतंय असं वाटायला लागलं. कॉलरचं बटण उघडावं तर ते आधीच उघडं होतं.

पण सगळ्यात आधी ओरडले ते साहेब. ते दोन्ही मुठींनी दार बडवत होते.

“उघडा! ताईला कोंडू नका, तिला…”

आणि एकदम थांबले.

कातरताई टेबलाची कड धरून उभी होती. तिच्या ओठांवर रंग नव्हता. नजर दारावरून हटत नव्हती.

टाचणी तिच्याजवळ गेली. बाकी कुणी तिथे नसल्यासारख्या सहज आवाजात तिने विचारलं, “जोड झाला का हो, ताई? मग लावा बघू. दाराकडे नको, टेपकडे बघा.”

कातरताईने टेप चढवली, दादा पुन्हा मधल्या खुर्चीत टेकला. गाणं सुरू झालं, आणि दादाने कानांवर हात ठेवले. उजव्या मागच्या कोपऱ्यातून झांज सुरीसारखी येत होती. तीच टेप, तीच खुर्ची, आणि आता कान सोलून निघत होता.

कातरताईने डोळे मिटले. तिचा हात बोर्डावर गेला, न बघता, न चाचपडता, तिसऱ्या ओळीतल्या शेवटच्या बटणावर थांबला आणि ते जरासं डावीकडे फिरलं. सुरी म्यान झाली. चारही कोपरे पुन्हा शालीसारखे.

“दार लागलेलं असलं की एवढंच पुरे,” ती पुटपुटली.

मग आपण काय बोललो ते तिला कळलं. गाणं वाजत राहिलं. कुणी हललं नाही. हलायला जागाही नव्हती म्हणा.

“मला समजलं,” दादा म्हणाला. “साहेबांचा उजवा कान अधू. म्हणून उजवीकडचं त्यांनी चढवलं. सोपं आहे.”

“मग उजवा पुढचा कोपराही चढला असता, दादा,” टाचणी म्हणाली. “तो तर लोण्यासारखा आहे. आणि साहेब, तो कान पन्नास वर्षांपूर्वी अधू होता?”

साहेबांनी मान हलवली. अलीकडचं आहे.

“तर मग ऐका. चुकीचा फक्त एक कोपरा, तोही तिन्ही वेळा, म्हणजे दोष माणसाच्या कानात नाही, खोलीत आहे. मोठ्या हॉलचे चारही कोपरे मोकळे होते, साहेबच म्हणाले. तिथे हे घडणारच नाही. या खोलीत मात्र उजव्या मागच्या स्पीकरपुढे एक गोष्ट येऊ शकते. हे दार. उघडलं की हा नमदा त्या स्पीकरवर गोधडीसारखा पडतो. आवाज दबतो. मिक्सिंग करणाऱ्याला वाटतं कोपरा मंद आहे, तो चढवतो. दार उघडं असेपर्यंत सगळं झकास. दादाला मघाशी चारही कोपरे सारखे वाटले ना? त्याचे कान बरोबरच होते.”

दादाने वायरवाल्याकडे पाहिलं. या डबीत बसूनही त्याला तेवढं बरं वाटलं.

“मग मीच तो. मी याच खोलीत…” वायरवाला म्हणाला.

“कडी घालून, एकदाही न चुकता. कडी घातली की स्पीकर मोकळा होतो, काका. तुम्ही केलं असतं तर कोपरा सरळ आला असता.”

वायरवाला यंत्राला टेकला. तो म्हणाला की या इमारतीत प्रत्येक भिंतीवर कुणाचं ना कुणाचं नाव आहे, आणि तार कुणी ओढली ते कुठेच नाही. त्याच्या आवाजातला करंट गेला होता. कुणी त्याला हसलं नाही.

“म्हणजे असं माणूस हवं,” टाचणी पुढे म्हणाली, “की ज्याला पकडलं जायची भीती होती, तरी दार उघडंच ठेवावं लागलं. मूठ तुटली दोन वर्षांपूर्वी. पण पाचरीची खाच बघा, ती दोन वर्षांची नाही. कुणीतरी या दाराला वर्षानुवर्षं पाचर मारून बसत होतं. जो माणूस लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, पाच मजले चढून येतो, उंबऱ्यातच बसतो. इथे कायम बसायचं कोण, हे मी सांगायला नको. आणि साहेब, गुडघे दुखत असून तुम्ही त्यांच्याबरोबर जिना चढलात. दार लागल्यावर स्वतःसाठी नाही ओरडलात. तुम्हाला माहीत आहे त्यांना दार का उघडं लागतं.”

साहेब खाली बसले, फरशीवर, चांगल्या कपड्यांनिशी. उंच माणूस एवढासा झाला.

मग ते बोलले, तुकड्यातुकड्याने. ते सहा वर्षांचे, ताई नऊची. लपाछपी. ती कपाटात लपली, यांनी गंमत म्हणून बाहेरून कडी घातली, आणि कुणीतरी पतंग उडवायला हाक मारली म्हणून गेले. आठवण झाली ती दिवेलागणीला. त्यानंतर तिने कधी दार लावून घेतलं नाही. पुढे मोठ्या मालकांनी चार कोपऱ्यांचं काम साहेबांवर टाकलं आणि साहेबांना ते काही केल्या जमेना. सकाळी सगळे यायच्या आधी ताईने इथे बसून एक गाणं करून दाखवलं. मग दुसरं. मग तीन अल्बम. तिचं नाव सांगितलं असतं तर तिची नोकरी गेली असती, म्हणून कव्हरवर कुणाचंच घातलं नाही. तेवढं खरं होतं. पण मग ढाल मिळाली, आणि ती यांनी घेतली.

“मोठे मालक गेल्यावर तरी सांगता आलं असतं,” टाचणी म्हणाली.

“रोज ठरवायचो. रोज जेवताना ताई समोर बसलेली असायची,” साहेब म्हणाले. “एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी दुप्पट अवघड.”

गाणं संपलं. टेपेचं टोक रिळावर फटफटत राहिलं. कातरताईने ते बोटाने थांबवलं.

“त्या कपाटाचं मी कधीच सोडून दिलं रे,” ती म्हणाली. “ती कडी तू एकदाच घातलीस. ही मात्र रोज घालत होतास.”

साहेबांनी चेहरा हातांत झाकून घेतला. ती त्यांच्याजवळ गेली नाही. पण तिची नजर आता दारावर नव्हती, आणि दादाच्या लक्षात आलं की तिचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झालेत.

दार उघडलं तेव्हा चाराला पंचवीस मिनिटं कमी होती. मालकीण उंबऱ्यात उभी, आणि समोर घामाने निथळलेली पाच माणसं. कॉरिडॉरचा उजेड आत आला, पाठोपाठ लिफ्टची घरघर. दादाला ती घरघर कुठल्याही गाण्यापेक्षा गोड वाटली. तो पुढे होऊन काहीतरी म्हणणार होता, पण साहेब भिंतीला धरून उठले आणि म्हणाले की मी सांगतो, हे मलाच सांगायला हवं. आणि त्यांनी सांगितलं. ताईचं पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर, मालकिणीच्या हातातल्या कागदावर स्वतः लिहून दिलं. खाली तारा ओढणाऱ्याचंही नाव घालायला टाचणीने लावलं.

“अजून काही लिहायचं का?” मालकिणीने कातरताईला विचारलं.

कातरताईने जरा विचार केला. “लिही, की हे गाणं ऐकताना उजव्या मागच्या कोपऱ्यात जाड पडदा सोडावा,” ती म्हणाली. “नाहीतर लोक म्हणतील, बाईला मिक्सिंग येत नव्हतं.”

ती जिन्यानेच उतरली. साहेब पिशवी घ्यायला पुढे झाले, तर तिने पिशवी दिली नाही. दोन पायऱ्या उतरून थांबली मात्र. “चल,” म्हणाली, “गुडघे सांभाळ.”

दादाही त्या दिवशी पाच मजले जिन्यानेच उतरला. प्रत्येक मजल्यावर थांबून तो दारांवरच्या पाट्या वाचत होता, आणि टाचणीला काळजी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दारापाशी रंगाचा वास आला. पाटी उतरवून दादा फरशीवर मांडी ठोकून बसला होता, जिभेचं टोक बाहेर. पाटीवर ओलं ओलं लिहिलं होतं : ‘टाचणी आणि मंडळी, खाजगी तपास’. ‘टा’ जरा जास्तच मोठा झाला होता, त्यामुळे ‘तपास’ला जागा पुरली नव्हती आणि ‘स’ खाली उतरला होता.

टाचणी पाटीपाशी उकिडवी बसली.

“मंडळी म्हणजे कोण, असं कुणी विचारलं तर?” ती म्हणाली.

“मंडळी आहे अजून शिकाऊ,” दादा म्हणाला.

आत येऊन त्याने कोडं उघडलं. सात आडवं कोरं होतं. टाचणीने मुद्दामच सोडलं होतं, त्याला नंतर कळलं. दोन अक्षरं, आत यायला आणि बाहेर पडायला एकच. दादाने पेन खाली ठेवलं, पेन्सिल शोधली, आणि स्वतःच्या हाताने, जरा वाकड्या अक्षरात, लिहिलं : दार.